खाड्याचा रविवार

आमच्या टीमचा अर्धा भाग ऑस्ट्रियात बसतो. डिसेंबर ते मार्च, दर सोमवारच्या कॉलची पहिली पाच मिनिटं बर्फाची असतात. कोण कुठल्या डोंगरावर स्कीइंगला गेलं, कुणाच्या मुलीने पहिल्यांदाच न पडता उतार पार केला, बर्फ भुसभुशीत होता की कडक. मग मुंबईचा नंबर लागतो. कुणी अलिबाग सांगतं, कुणी लोणावळा. एक जण गुलमर्गला स्कीइंग शिकून आलाय, त्याला आता तिकडचे लोक जरा जास्त वेळ देतात. माझी पाळी आली की मी सांगते, घरी गेले होते. तेवढ्यावर भागतं.

घरी जाणं ही काही सहल नव्हे, असंच ऐकणाऱ्याला वाटत असणार. पण गेल्या तीन हिवाळ्यांत आमच्याकडे ती सहलच झाली आहे. आणि ती जमवायला काय काय लागतं, हे पाच मिनिटांत सांगता येत नाही.

माझं घर तलासरी तालुक्यातल्या एका पाड्यावर आहे. आम्ही वारली. शुक्रवारी ऑफिस सुटलं की मी डहाणू लोकल पकडते. ही लोकल २०१३ साली सुरू झाली. त्याआधी मुंबईची लोकल विरारपर्यंतच यायची आणि आमच्यासाठी मुंबईसुद्धा तिथेच सुरू व्हायची. विरार गेलं की डबा मोकळा होत जातो, दारातून येणारा वारा गार लागायला लागतो. पालघर, बोईसर करत डहाणू रोड येईपर्यंत डब्यात ओढणी डोक्याला गुंडाळलेल्या चार बायका आणि मी एवढेच उरतो. स्टेशनबाहेर भाऊ बाइक घेऊन उभा असतो. त्याच्या अंगात स्वेटर असतो, माझ्यासाठी त्याने आईची शाल आणलेली असते. तिथून घर अजून तासाभरावर.

खरी अडचण या प्रवासाची नाही, वारांची आहे. माझी सुट्टी शनिवार-रविवार. आई अंगणवाडी सेविका, तिची सुट्टी रविवारी. भाऊ गुजरात हद्दीतल्या एका कारखान्यात आहे, त्याची पाळी दर आठवड्याला बदलते. बाबांच्या कारखान्याची सुट्टी शुक्रवारी. विजेचा भार विभागला जावा म्हणून औद्योगिक वसाहतींना वेगवेगळ्या वारी सुट्टी द्यायची पद्धत आहे, त्यात बाबाच्या वाट्याला शुक्रवार आला. आणि आजीच्या आयुष्यात सुट्टी नावाचा वारच नाही. मी शाळेत असताना बाबा घरी असायचा तेव्हा मी वर्गात, आणि मी घरी असायचे तेव्हा तो कामावर. एकाच छपराखाली राहून आम्ही उजेडात एकमेकांना फारसे दिसलोच नाही.

त्यामुळे सगळ्यांचा मिळून एक रविवार काढायचा तर बाबाला खाडा करावा लागतो. तो कंत्राटी कामगार आहे. खाडा झाला की त्या दिवसाचा रोज गेला. महिन्यात दोन खाडे झाले तर मुकादमाची बोलणी खावी लागतात, तीन झाले तर दुसऱ्या माणसाचा विचार सुरू होतो. तीन वर्षांपूर्वी आम्ही बसून ठरवलं: नोव्हेंबर ते फेब्रुवारी, महिन्याला एक खाडा. हिवाळ्याचे चार रविवार. मी म्हटलं, बाबा, खाड्याचे पैसे मी देते. तो म्हणाला, "मग तो खाडा कसला? ती तर तुझी नोकरी झाली." पैसे त्याने आजवर घेतलेले नाहीत.

चार रविवारांवरून एवढा विचार कशाला, असं वाटू शकतं. पण रविवार ही गोष्टसुद्धा कुणीतरी मागून घेतलेली आहे. मुंबईच्या गिरण्यांमध्ये आठवड्याची हक्काची सुट्टी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभी केली, वर्षानुवर्षं सभा आणि अर्ज केले, तेव्हा १० जून १८९० पासून रविवारची सुट्टी मिळाली. लोखंडे हे महात्मा फुल्यांचे सहकारी, ‘दीनबंधू’चे संपादक. आज आयटीतली आम्ही मंडळी शुक्रवारपासून जो वीकेंड मोजतो, त्यातल्या अर्ध्या भागावर त्यांचं नाव असायला हवं.

तो रविवार मुंबईहून तलासरीपर्यंत मात्र आला नाही. इथे १९४५ पर्यंत वेठ होती. जमीनदाराने बोलावलं की आपलं शेत टाकून त्याच्याकडे राबायचं, तेही फुकट. लग्नासाठी कर्ज काढलं की माणूस लग्नगडी व्हायचा आणि ते कर्ज फेडत आयुष्यभर सावकाराच्या दारी राहायचा. मे १९४५ मध्ये आमच्या तालुक्यातल्या झरीला परिषद झाली आणि वारल्यांनी वेठ नाकारली. शामराव आणि गोदावरी परुळेकर त्या लढ्यात होते. गोदावरीबाईंनी नंतर ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात ते सगळं लिहून ठेवलं. १० ऑक्टोबर १९४५ ला तलवाड्याला गोळीबार झाला, त्यात जेठ्या गांगड आणि आणखी चौघे गेले. आमच्याकडे तो दिवस अजून पाळतात. आजीच्या वडिलांनी वेठ केली होती. आपला दिवस आपला असणं ही आमच्या घरात फक्त तीन पिढ्यांची गोष्ट आहे.

वेठ गेली, पण हिवाळा मोकळा झाला नाही. आजीचे बहुतेक हिवाळे वीटभट्टीवर गेले. भात कापून झालं, दिवाळी झाली की पाड्यावर ट्रक यायचा. आधी उचललेला बयाणा फेडायला कुटुंबच्या कुटुंब वसई-भिवंडीकडे जायचं, ते पावसाच्या तोंडावर परत. आठवड्याच्या खर्चाला खावटी मिळायची, तीही शेवटच्या हिशोबातून कापली जायची. बाबाची चौथीची परीक्षा अशाच एका हिवाळ्यात बुडाली. अजूनही डिसेंबरात आमच्या भागातल्या कितीतरी झोपड्यांना कुलपं दिसतात. माझा मामेभाऊ गुजरातच्या बंदरावरून निघणाऱ्या मच्छीमार बोटीवर खलाशी आहे. तो पावसाळा सरता सरता जातो, तो थेट होळीला दिसतो. आमच्या चार रविवारांत तो कधीच नसतो. जगात जो घरच्यांनी शेकोटीभोवती बसायचा ऋतू आहे, तो आमच्याकडे माणसं निघून जाण्याचा ऋतू आहे.

हिवाळ्यात सगळं घर एकत्र होतं, असा एकच हिवाळा मला आठवतो, तो २०१८-१९चा. नोव्हेंबरपासून धुंदलवाडी आणि तलासरी परिसरात भूकंपाचे धक्के सुरू झाले आणि थांबेनात. फेब्रुवारीत तर एक धक्का चार रिश्टरच्या वरचा होता. लोक घरात झोपायला घाबरायचे. मी इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला, हॉस्टेलवर होते. रात्री फोन केला की मागे कुत्र्यांचे आणि शेजाऱ्यांचे आवाज यायचे. सगळा पाडा अंगणात, प्लॅस्टिकच्या कागदाखाली. बाबा म्हणायचा, थंडी आहे, पण सगळे जवळजवळ झोपतो. तेव्हाच माझ्या मनात आलं, घरच्यांनी एकत्र यायला जमीनच हलायला हवी का?

याचा अर्थ आमच्या लोकांना मजा ठाऊक नव्हती असा नाही. भात घरात आलं की तारपा वाजायचा, आणि तारप्याभोवती रात्र-रात्र नाच चालायचा. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांच्या चित्रांतून तो गोल जगभर पोचला आणि आता मोबाइलच्या कव्हरवरही मिळतो. आजीला विचारलं, तुझी सुट्टी कधी असायची गं? ती म्हणाली, तारपा वाजायचा तेव्हा. तिची सुट्टी पिकाला बांधलेली होती, वाराला नाही. कॅलेंडरवर लाल आकडा आहे म्हणून उठून कुठेतरी जायचं, हे तिला नवीन आहे.

पहिल्या खाड्याच्या रविवारी आम्ही बोर्डीला निघालो. तलासरीहून समुद्र वीस-बावीस किलोमीटर. आजी म्हणाली, "तठं काय काम?" पावसाळ्याआधी सुकी मासळी आणायला ती समुद्राकडे जायची, त्यामुळे नोव्हेंबरात जाण्याचं कारण तिला कळेना. तिथे पोचल्यावर ओहोटी होती. बोर्डीला ओहोटी लागली की पाणी इतकं आत जातं की समुद्र नुसती एक रेघ उरतो. मुंबईची मंडळी फोटो काढत होती. आजी समुद्राकडे पाठ करून सुरूच्या झाडांखाली बसली आणि वाळलेली काटकं, बोंडं वेचायला लागली. चूल पेटवायला चांगली असतात. तासाभरात तिने पदरभर गोळा केली. भाऊ म्हणाला, आजी, आज तरी बस. ती म्हणाली, बसलेच आहे ना.

मला तेव्हा स्कीइंग आठवलं. लाकडी पट्ट्या पायाला बांधून बर्फावरून जाणं ही हजारो वर्षं शिकारीची आणि गावं गाठायची सोय होती. खेळ म्हणून ते गाजायला लागलं ते अगदी अलीकडे. नॉर्वेतल्या टेलेमार्क भागातला सोंद्रे नॉरहाइम हा गरीब शेतमजूर १८६८ साली राजधानीतल्या स्पर्धेत उतरला आणि त्याची वळणं बघून शहर थक्क झालं, तिथून. म्हणजे त्या लोकांचंही आधी काम होतं, मग मौज झाली. आजी काटकं वेचता वेचता मध्येच मान वळवून पाण्याची रेघ बघत होती. मला तेवढं पुरे होतं.

डिसेंबरचा रविवार आईचा. तिला कोसबाडची टेकडी बघायची होती. सतरा वर्षं अंगणवाडी चालवतेय, पण ती जिथे घडली ती जागा तिने पाहिली नव्हती. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ सालीच बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं आणि १९५७ मध्ये काम कोसबाडला नेलं. गुरं राखणारी मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर त्यांनी शाळाच कुरणात नेली, तिला कुरणशाळा म्हणत. बिया, पानं, खडे हीच साधनं. सरकारची अंगणवाडी योजना १९७५ साली आली, त्याच्या कितीतरी आधीचं हे. रविवारमुळे टेकडीवर शांतता होती. आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "माझा पट नोव्हेंबरपासून उतरतो. मुलं भट्टीवर जातात." भट्ट्यांवर भोंगा शाळाही निघाल्या होत्या, हे तिला माहीत होतं. ती त्या दिवशी सहलीला आली होती, पण हजेरीचं रजिस्टर तिच्या डोक्यात उघडंच होतं. परत येताना आम्ही रस्त्याकडेला उकडहंडी घेतली. मडक्यात वालपापडी, कंद, रताळी, बटाटे, वरून रानपाल्याचं बूच, आणि मडकं उलटं करून भोवती जाळ. गरम कंद फुंकर मारत खाताना आई पुन्हा आमची झाली.

जानेवारीत बाबा, भाऊ आणि मी बारडाचा डोंगर चढलो. वर बहरोटच्या गुहा आहेत. संजाण पडल्यावर पारशी लोकांनी आपला पवित्र अग्नी बारा वर्षं इथे लपवून जपला, असं ते मानतात. आज तो उदवाड्याला आहे. बाबाने लहानपणापासून असे डोंगर सरपणासाठी, गवतासाठी चढले होते. अर्ध्यात थांबून तो हात हलवत म्हणाला, "रिकाम्या हाताने चढायला जड जातं." आम्ही हसलो. वर पोचल्यावर त्याने गुहा बघितली, अग्नीची गोष्ट ऐकली आणि विचारलं, "बारा वर्षं लाकूड कोण आणत असेल?" मला अजून याचं उत्तर सापडलेलं नाही.

या रविवारांनी काही बदललं असं मी म्हणणार नाही. बाबा अजून कंत्राटी आहे, मामेभाऊ अजून बोटीवर आहे, आजीचे गुडघे दर हिवाळ्यात थोडे आणखी दुखतात. बोर्डीला ती आणखी किती वेळा येईल याचा हिशोब मी मनात करते आणि अर्धवट सोडते.

बाबाकडे एक छोटी डायरी असते. पगाराचा हिशोब मुकादमाच्या हिशोबाशी ताडून बघता यावा म्हणून तो वर्षानुवर्षं तिच्यात रोजची हजेरी मांडतो. भरलेल्या दिवसाला बरोबरची खूण, खाड्याला गोल शून्य. गेल्या महिन्यात त्याचा मोबाइल नंबर शोधायला मी ती उघडली. जुन्या पानांवर नुसती शून्यं होती, कुणाच्या आजारपणाची, कुणाच्या मयताची, ते लिहिलेलं नव्हतं. अलीकडच्या पानांवर मात्र चार शून्यांच्या आत, मावेल तेवढ्या बारीक अक्षरात, त्याने नावं लिहिली होती: बोर्डी, कोसबाड, बारड. चौथ्या शून्यात फक्त ‘घरी’ असं होतं. त्या रविवारी आजीला बरं नव्हतं म्हणून आम्ही कुठेच गेलो नव्हतो, दिवसभर अंगणात उन्हात बसून होतो.