17-सीची प्रत

23 नोव्हेंबर 2024 ला दुपारपर्यंत विधानसभेचं चित्र स्पष्ट झालं आणि संध्याकाळपासून गावात मला एकच प्रश्न सुरू झाला. "गुरुजी, तुम्ही तर मशीनजवळ बसला होता. खरं सांगा, सेट होतं का नाही?" मी केंद्राध्यक्ष होतो तो भलत्याच मतदारसंघात. पण गावाच्या लेखी साऱ्या राज्याच्या मशीनचा जाब द्यायला मीच हाताशी होतो.

मी पाहिलं तेवढं सांगत होतो. पहाटे एजंटांसमोर मॉक पोल घेतला, किमान पन्नास मतं टाकायची असतात. मशीनचा निकाल आणि व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या जुळल्या, मशीन क्लिअर केलं, शून्य दाखवलं, सील लावलं, सह्या घेतल्या. प्रत्येक मतदाराला काचेतून सात सेकंद आपली चिठ्ठी दिसत होती. आणि मशीन बंद करून 17-सी नमुना भरला, एकूण मतांचा आकडा लिहून एजंटांना प्रती दिल्या.

"मग पाच वाजता 58 टक्के आणि शेवटी 66 कसे झाले?" यालाही माझ्यापुरतं उत्तर होतं. सहा वाजता रांगेत असलेल्यांना शेवटच्या माणसापासून पुढे चिठ्ठ्या वाटतात, मग सगळ्यांचं होईपर्यंत हलायचं नाही. शिवाय पाचचा आकडा फोनाफोनीवर गोळा झालेला, अंदाजाचा. तरीही डिसेंबरात नियम बदलून केंद्रांवरचं चित्रीकरण लोकांना मिळणं अवघड करून टाकलं, ते मला मुळीच पटलं नाही. लोक शंका घेत असताना कपाट उघडायचं असतं, कुलूप लावायचं नसतं.

आमच्याच सोलापूर जिल्ह्यातल्या मारकडवाडीने तर 3 डिसेंबरला मतपत्रिकेवर पुन्हा मतदान घ्यायचं ठरवलं होतं. जमावबंदी लागली, पोलीस आले, बेत रद्द झाला. गंमत म्हणजे ज्यांचा उमेदवार निवडून आला होता, त्याच लोकांना गावातली मतं पटली नव्हती. असं मतदान पुरावा ठरलं नसतं, निकाल कळल्यावर माणूस वेगळंच मत देऊ शकतो. पण कुणाचं काही बिघडलंही नसतं.

आमच्या गावात सर्वांत चिडले होते तात्या. त्याच वर्षी 4 जूनला लोकसभेचा निकाल लागला तेव्हा गुलालाचं पोतं त्यांनीच आणलं होतं, आणि मशीनबद्दल अवाक्षर नव्हतं. त्या वेळी तोंड पाडून बसलेले लोक म्हणत होते, विरोधकांनी खोटं नॅरेटिव्ह पसरवलं म्हणून हरलो. नोव्हेंबरात हेच लोक गुलालात न्हाले. नॅरेटिव्ह कुठे गेलं, कुणी विचारलं नाही.

तात्यांचा पुतण्या आमच्या गावच्या केंद्रावर एजंट होता. म्हटलं, "17-सीची प्रत काढा." ती टीव्हीमागे सापडली. केंद्रनिहाय निकालातल्या बेरजेशी लावून पाहिली, एका मताचाही फरक नाही.

तात्या कागदाकडे बघत म्हणाले, "आकडा जुळला, पण आमची मतं गेली कुठं?"

मग वहीच्या पाठीमागे मांडून दाखवलं. जूनमध्ये राज्यात दोन्ही आघाड्यांच्या मतांत टक्काभराचाही फरक नव्हता, पण 48 पैकी एकीला 30 जागा, दुसरीला 17. नोव्हेंबरात महायुतीला साधारण निम्मी मतं आणि 288 पैकी 230 जागा. महाविकास आघाडीला तिसऱ्या हिश्शाहून थोडी जास्त मतं आणि हातात 46. मतदारसंघात जो एका मताने पुढे, तो सगळं घेऊन जातो. मागच्यांची मतं मोजली जातात आणि तिथंच राहतात. मुंबई वायव्यला लोकसभेला 48 मतांवर निकाल लागला, तिथं हरलेल्याच्या साडेचार लाखांवर मतांचं काय झालं? हे मशीन करत नाही, आपली पद्धत करते. मतपत्रिका आणल्या तरी असंच होणार. ज्या देशांत मतांच्या प्रमाणात जागा वाटतात, तिथं वेगळं होतं, आणि तिथं सरकार जमवताना महिनोन् महिने घोळ चालतो, हेही सांगून टाकलं.

तात्यांनी 30 आणि 17 वर बोट ठेवलं. "म्हणजे जूनमध्ये आमच्याकडं जास्त आलं होतं?"

"जागा, हो."

"मग तेव्हा का नाही सांगितलं?"

"ऐकलं असतं का?"

"छे," तात्या म्हणाले आणि चहाचे पैसे द्यायला उठले.