सासूबाईंचं रात्रीचं पाणी

मैत्रिणींनो, विषय नाक मुरडण्यासारखा आहे खरा. पण घरात म्हातारं माणूस असेल तर वाचाच.

आमच्या सासूबाई संध्याकाळनंतर पाण्याला शिवेनाशा झाल्या. उपास म्हणावा तर तिथी नाही. खोदून विचारलं तेव्हा म्हणाल्या, "अगं, रात्री मागच्या दारी जायची भीती वाटते." गुडघे दुखरे, त्यात दोन पायऱ्या नि ओली फरशी! त्यांच्या खोलीलगतच संडास करावा म्हटलं, तर प्लंबरनं मान हलवली. "वहिनी, खोली खालच्या अंगाला, ड्रेनेज वरच्या. चार इंची पाइपला उतार कुठून देऊ?"

तोड निघाली ती विजेच्या पंपाची. कमोडच्या मागे प्लॅस्टिकची एक पेटी बसते, पिठाच्या डब्याएवढी. फ्लश केला की सगळं तिच्यात येतं. पाणी चढलं की आतल्या नळीतली हवा दाबली जाते आणि त्या दाबानं मोटर आपोआप सुरू होते. पाती फिरून मैला अगदी बारीक करतात (मिक्सरची उपमा सुचली होती, पण राहू दे!) आणि पंप तो पातळ रगाडा जेमतेम सव्वा इंची नळीतून वर ढकलतो. नळी आधी सरळ वर न्यायची, मग ड्रेनेजकडे थोडा उतार द्यायचा. वर गेलेलं परत येऊ नये म्हणून झडप असते. पेटी रिकामी झाली की मोटर थांबते.

कमोड मात्र मागे तोंड असलेला, 'पी ट्रॅप'चा घ्या. आम्ही आधी खाली तोंडाचा आणला आणि रिक्षाभाडं घालून परत केला. अर्थिंगही नीट तपासून घ्या. पाण्याजवळची वीज आहे ती.

वीज गेली की काम ठप्प. टाकीतलं पाणी सुटतं हो, पण पेटी उपसणार कोण? आमचा पंप चारशे वॅटचा. तेवढा भार पेलेल असा इन्व्हर्टर घेतला. तरी पलंगाखाली भांडं ठेवलेलं आहेच.

आता माझा पराक्रम. एकदा फणीतला गुंतवळ आणि कापसाचा बोळा मी सवयीनं कमोडमध्ये टाकला. दुसऱ्या दिवशी मोटर नुसती गुरगुरायला लागली, पाणी हलेना. मेकॅनिकनं आधी प्लग काढला, मग पेटी उघडली. पात्यांना माझेच केस! चार माणसांसमोर मेल्याहून मेल्यासारखं झालं. शिवाय दोन दिवस सासूबाईंना हात धरून मागच्या दारी न्यावं लागलं, ते वेगळंच. आता शेजारी झाकणाचा डबा ठेवलाय. नॅपकिन, कापूस, ओले पुसणे, सगळं त्यात. त्या यंत्राला फक्त मैला, पाणी आणि संडासचा कागद चालतो.

रात्री दोनला घरघर होते. पहिल्यांदा हे दचकून उठून बसले होते. मी आता कूस बदलते नि झोपते. सासूबाई रात्रीच्या जेवणानंतर पुन्हा ताक प्यायला लागल्यात.