काकाजींची विडी

माणूस नेमका कोणत्या दिवशी बिघडतो, हे सांगणे मोठे कठीण आहे. दूध केव्हा नासले ते सांगता येते. माणसाचे तसे नसते. फुफ्फुसातल्या पेशींचेही तसे नसते, असे अलीकडे वाचले, आणि भंडाऱ्याचे आमचे काकाजी आठवले.

भंडारा हा तेंदूच्या पानांचा मुलूख. उन्हाळ्यात रानातून पाने येत आणि घरोघरी बायका विड्या वळत बसत, मजुरी हजारावर. काकाजी वळत नसत, नुसते ओढत. कुणी टोकलेच, तर खोकला आवरून म्हणत, "चाळीस वर्सं झाली, बाबू! मले काय झालं?" पुढे फुफ्फुसाच्या कर्करोगानेच ते गेले.

त्यांच्या प्रश्नाचे उत्तर २०१७ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून आले. आपल्या डॉ. कमल रणदिवे पेशी काचेत वाढवण्याची विद्या तिथेच शिकल्या आणि मुंबईस परतून त्यांनी तशी प्रयोगशाळा उभारली. २०१७ च्या संशोधकांनी दीर्घकाळ जगतील अशा केलेल्या श्वासनलिकेच्या पेशी घेतल्या आणि त्यांना पंधरा महिने सिगारेटच्या धुराचा अर्क पाजला. तेवढ्याने त्यांचा कर्करोग झाला नाही. मात्र जनुकांवर रासायनिक शिक्के बसत गेले, आणि एरवी वाढीला लगाम घालणारी कित्येक जनुके मुकी झाली. सहा महिने धूर प्यालेल्या पेशींत केआरएएस नावाच्या जनुकाचा दोष मुद्दाम घातला, तरी त्या ताळ्यावर राहिल्या. पंधरा महिन्यांच्या पेशींत तोच एक दोष घातला, आणि त्या कर्करोगी बनल्या!

म्हणजे 'मला काय झाले?' असे आपण विचारतो, तेव्हा आत घराचे राखणदार एकेक करून झोपी जात असतात. चोर शेवटी एकच येतो. पण त्याला अडवायला जागे कुणीच उरलेले नसते. विडीचा धूर तरी सिगारेटहून कुठे सोवळा आहे?

यात एक दिलासाही आहे. बिघाड सावकाश होतो, म्हणून मध्ये थांबायला सवड मिळते. धूम्रपान सोडल्यावर दहा वर्षांत फुफ्फुसाच्या कर्करोगाचा धोका, ओढत राहणाऱ्याच्या मानाने, जवळजवळ निम्म्यावर येतो.

काकाजींच्या थोरल्याने विडी सोडून आता दोन वर्षे होतील. दिवाळीत फटाक्याची वात पेटवायला पोरे त्याच्याकडे धावत. हल्ली त्यांना उदबत्ती शोधावी लागते. पोरे कुरकुरतात, वहिनी मात्र उदबत्तीचा पुडा आठवणीने आणून ठेवते.