पिवळीचे खाते

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी सांगलीच्या बाजारपेठेत शिरले, तेव्हा हळदीच्या एका जुन्या पेढीच्या मालकांनी माल वाचवण्याचा विचार सोडून आधी वह्या वर नेल्या. रोजकीर्द, खतावणी, उधारीच्या चिठ्ठ्या असे सारे कोरड्या बारदानात गुंडाळून माडीवरच्या कोपऱ्यात रचले गेले. त्याच रात्री जिन्याच्या वरच्या पायरीवर एक पिवळसर मांजरी येऊन बसली. मागचा पाय रक्ताळलेला, अंग भिजून निम्मे झालेले. खाली पाणी, वर माणसे. तिला जाण्यास तिसरी जागा नव्हती. सूनबाईंनी तिला टॉवेलात उचलून आत घेतले. आजोबा काही बोलले नाहीत. पुरात कोणी कोणाला हाकलत नसते.

खरा प्रश्न उभा राहिला तो पाणी ओसरल्यावर. पशुवैद्यांनी टाके घातले आणि पाय भरून येईपर्यंत तिला बाहेर सोडू नये असे बजावले. बाहेर जाता येईना, तेव्हा पिवळीने (हे नाव नातवाचे) घरातच एक जागा निवडली, आणि ती नेमकी वह्यांची निघाली. तिसऱ्या दिवशी सकाळी बारदान ओले होते आणि सर्वांत खालच्या खतावणीच्या कडेला डाग पडला होता.

खालच्या गोदामात हळद भिजून आंबली होती. जे काही येणे वसूल होणार होते, ते त्या वह्यांच्या आधारेच. महापुराने सोडलेल्या वह्या मांजराने नासवाव्यात, हे आजोबांना सहन होणे शक्य नव्हते. "आठ दिवस पाहू. नंतर तिला मार्केट यार्डात सोडून यायचे," असे ते म्हणाले. लंगडे मांजर, यार्डातली कुत्री. पुढचे कोणी बोलले नाही. ज्या घरात मुंगी दुखावू नये म्हणून हलक्या हाताने केर काढला जातो, त्या घरात हे वाक्य उच्चारले गेले, याची बोच बोलणाऱ्यालाच सर्वांत अधिक होती. पण शब्द गेला होता.

सूनबाईंनी पुण्याहून भावाकडून मांजरांसाठी मिळणारी दाणेदार वाळू मागवली. लव्हेंडरच्या वासाची, महाग. ती एका घमेल्यात भरून, सोयीचे म्हणून, स्वयंपाकघराच्या दाराशी दुधाच्या वाटीशेजारी ठेवली. नातवाने पिवळीला उचलून घमेल्यात बसवले आणि तिचे पुढचे पंजे धरून वाळू उकरून दाखवली. ती जी सुटली, ती कपाटाखाली जाऊन बसली. केरफरशीच्या बाईंनी घमेले फिनेलने स्वच्छ धुऊन ठेवले, त्याने उरलेली आशाही संपली. या प्रत्येक गोष्टीत प्रेमच होते, पण त्यातले काहीही मांजराच्या बाजूने विचार करून केलेले नव्हते. मांजर जेथे खाते तेथे घाण करीत नाही. उग्र वास त्याला नकोसा असतो. फिनेल तर त्याच्या प्रकृतीस घातकच. आणि बळजबरी झालेल्या जागेकडे ते पुन्हा फिरकत नाही.

पुरानंतर आजोबांना झोप लागत नसे. पाचव्या रात्री त्यांनी अंधारात पाहिले, पिवळी लंगडत बारदानापाशी आली आणि बसण्यापूर्वी पंज्याने ते खरवडू लागली. एकदा, दोनदा, पुन्हा वास घेऊन तिसऱ्यांदा. उठल्यावर परत तेच, झाकण्याचा प्रयत्न. ज्यांनी पन्नास वर्षे हळकुंड बोटांनी मोडून त्याची प्रत ठरवली, त्यांना त्या खरवडण्याचा अर्थ लागला. ती वह्या नासवत नव्हती, माती शोधत होती. जन्मभर मातीत उकरून मातीनेच झाकलेल्या जिवाला या फरशीच्या घरात बारदान हीच मातीच्या सर्वांत जवळची वस्तू वाटली होती.

माती तर पेठेत ढिगाने पडली होती. सकाळी आजोबांनी पाटीभर गाळ गच्चीवर पसरला, वाळू दिला, आणि एखादा गांडूळ वा मुंगी राहू नये म्हणून स्वतः निवडून चाळला. आजींनी विचारले, "आता हा गाळ पुन्हा घरात?" ते म्हणाले, "आठ दिवसांतले तीन अजून शिल्लक आहेत." दुखऱ्या पायाला चढता यावे म्हणून कमी उंचीचे, पण तिला आत वळता येईल इतके ऐसपैस घमेले घेतले. ते माडीच्या टोकाला, वर्दळ नसलेल्या बोळात ठेवले आणि ओल्या बारदानाचा एक तुकडा वर टाकला, म्हणजे वासावरून तिला जागा कळावी. वह्या फडताळात गेल्या. त्या रात्री बोळातून माती उकरल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.

दुसऱ्या दिवसापासून एका कोऱ्या वहीत तिचे खाते उघडले. घमेल्यात ते जमा, बाहेर ते नावे. रोज पहाटे स्नानापूर्वी आजोबा खुरप्याने घमेले साफ करीत, आठवड्याला गरम पाणी आणि साध्या साबणाने धूत. मग मूठमूठ गाळ कमी करून बिनवासाचे दाणे वाढवत नेले. घाईने बदल केला असता तर सारे पुन्हा पहिल्यापासून करावे लागले असते. आठवा दिवस आला आणि गेला. तो मोजणारा एकच माणूस घरात होता आणि तो गप्प राहिला.

महिनाभराने अचानक नावेची बाजू भरू लागली. मोरीजवळ एक थेंब, पायपुसण्यावर दोन. "लाडावली आहे," असे आजींचे मत पडले. आजोबांनी वही उघडली. एरवी दिवसाला दोन-तीन नोंदी असत, त्या दिवशी दुपारपर्यंतच सात झाल्या होत्या, आणि प्रत्येक वेळी केवळ थेंब. हा लाड नव्हे, दुखणे होते. भाजीच्या टोपलीतून तिला पशुवैद्यांकडे नेले. मूत्राशयाला सूज होती. औषध मिळाले, पाणी अधिक पोटात जाईल असे पाहा असे सांगितले गेले. दूध-पोळीवर मांजराचे भागत नाही, हेही त्यांनी त्याच भेटीत सांगितले. तिच्या खाद्यावरून घरात पुढे जी चर्चा झाली, ती येथे न दिलेलीच बरी. मात्र नर मांजराला असे झाले असते आणि लघवी अडली असती, तर एक-दोन दिवसांचा उशीरही जिवावर बेतला असता, हे ऐकून आजोबा परतताना टोपलीचे झाकण दोन्ही हातांनी धरून बसले होते.

दिवाळीत नव्या वह्यांचे पूजन झाले. डाग पडलेली खतावणी आजही फडताळात आहे. पावसाळी हवेत तिचा वास येतो. पिवळीचा पाय केव्हाच भरून आला. तिच्यासाठी खालचे दार आता दिवसभर उघडे असते. ती पेढीवर, गल्लीत, शेजारच्या परसात मनसोक्त हिंडते. सगळी माती तिला मोकळी आहे. पण गरज लागली की सारे सोडून धावत जिना चढते, बोळातल्या घमेल्यात जाऊन येते आणि पुन्हा खाली उतरते. "बाहेर एवढी जागा असताना!" असे दर वेळी पुटपुटत आजोबा खुरपे शोधायला उठतात.