आजीच्या पावलांनी भंडारदरा

सुट्टी लागली की 'कुठं जायचं?' या प्रश्नावरून तुमच्या घरात किती पक्ष पडतात? आमच्याकडे चार पडतात. दादाला किल्ला चढायचा असतो, पाच वर्षांच्या मनूला पाण्यात खडे टाकायचे असतात, बाबांना नुसतं लोळायचं असतं आणि आजी म्हणते, "तुम्ही जा रे, माझे गुडघे काही साथ देत नाहीत." अशा घरांसाठी माझ्याकडे एक झकास तोडगा आहे. धरणाच्या जलाशयाकाठी पायी भटकायचं! फार चढ नाही, घाई नाही, आणि दमलं की बसायला जागाच जागा.

गेल्या दिवाळीनंतर आम्ही भंडारदऱ्याला गेलो, ते मात्र खास आजीसाठी. का, ते ऐका.

आजीचं सगळं आयुष्य श्रीरामपूर तालुक्यात शेतावर गेलं. तिकडे पाऊस कमी, वर्षाला जेमतेम पाचशे मिलिमीटर. शेती चालते ती पाटाच्या पाण्यावर आणि विहिरींवर. पाटाला पाणी सुटलं, की त्याला म्हणतात 'आवर्तन'. आपली पाळी रात्री दोनला आली तरी कंदील घेऊन बांधावर हजर राहायचं. दर पावसाळ्यात घरात एकच चौकशी : "भरला का भंडारदरा?" पंधरा ऑगस्टच्या सुमाराला तो भरला, की गावात पेढे वाटल्यासारखा आनंद. पण ज्या पाण्यावर तिचा ऊस वाढला, मुलं शिकली, ते साठतं कुठं हे तिनं उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं!

आता थोडा भूगोल. कंटाळू नका, चालता चालताच सांगते. आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, अकोले तालुक्यात, रतनगडाच्या डोंगरात प्रवरा नदी उगम पावते. सह्याद्रीच्या या माथ्यावर, घाटघर-रतनवाडीच्या पट्ट्यात जिल्ह्यातला सर्वांत जास्त पाऊस कोसळतो. तो अडवायला इंग्रजांच्या काळात, १९१० साली, शेंडी गावाजवळ दगडी धरणाचं काम सुरू झालं आणि १९२६ साली ते पूर्ण झालं. उंची सुमारे ८२ मीटर, म्हणजे पंचवीस मजली इमारतीएवढी! तेव्हाच्या गव्हर्नरच्या नावावरून त्याला विल्सन डॅम म्हणतात. इथून सुटलेलं पाणी नदीतून ओझरच्या बंधाऱ्यापर्यंत जातं, तिथं ते डाव्या आणि उजव्या कालव्यांत वळवतात, आणि मग ते आजीच्या शेतापर्यंत पोचतं. याच पाण्याच्या प्रदेशात, लोणीला, १९५० साली शेतकऱ्यांनी सहकारी साखर कारखाना उभा केला. प्रवरा पुढे नेवाशावरून जाते. हो, तेच ज्ञानेश्वरीचं नेवासे! आणि शेवटी गोदावरीला मिळते.

जलाशयाभोवती गाडीरस्ता आहे, पण तो एका दिवसात पायी होणारा नाही. म्हणून आम्ही त्याचे छोटे छोटे तुकडे केले. पहिल्या दिवशी सकाळी शेंडीहून निघून काठाकाठानं तासभर चाललो. पाण्यावर धुकं होतं. ते विरलं तसं समोर कळसूबाईचं शिखर दिसलं. १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच. खंड्या झपकन सूर मारून मासा घेऊन गेला. मनूनं तेवढ्या वेळात खिसाभर खडे जमवले.

चालण्याचा आमचा नियम एकच : ज्याचा वेग सर्वांत कमी, तो सर्वांत पुढे. म्हणजे आजी पुढे आणि आम्ही मागे. पहिली दहा मिनिटं दादा जाम चिडला. "या वेगानं आपण संध्याकाळपर्यंत कोपऱ्यावर पोचू!" पण हळू चालल्यामुळे त्यालाच मुंग्यांचं वारूळ दिसलं, खेकड्याचं बीळ दिसलं, ओल्या मातीत कुठल्याशा पक्ष्याच्या तीन बोटांचे ठसे दिसले. मग मात्र गडी वही काढून चित्रंच काढत बसला. आता आजीलाच त्याची वाट बघावी लागली!

एक गोष्ट त्याच्या लक्षात आली, तुम्हीही बघा. नदीला काठ असतो, तसा धरणाला कायमचा काठ नसतो. दिवाळीच्या सुमाराला पाणी गवताला टेकलेलं असतं. मे महिन्यात आम्ही एकदा इथं आलो होतो, तेव्हा पाणी खूप खाली गेलं होतं आणि मधे उघड्या मातीचा रुंद पट्टा पडला होता. त्यावर पायऱ्यांसारख्या रेघा होत्या. पाणी थोडं थोडं उतरत गेलं त्याच्या त्या खुणा. दादानं तेव्हा विचारलं होतं, "पाणी गेलं कुठं?" या वेळी उत्तर आजीनं दिलं : "आमच्या उसाला गेलं, गव्हाला गेलं. आणखी कुठं जाणार?"

दुसऱ्या दिवशी मुतखेलच्या बाजूला गेलो. भाताची कापणी उरकत आली होती, खळ्यावर झोडणी चालू होती. एका घरापाशी आजी टेकली. आतून तिच्याच वयाच्या एक बाई पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. दोघींच्या गप्पा रंगल्या. कुठल्या, काय, किती नातवंडं? आजीनं गावाचं नाव सांगितल्यावर बाई म्हणाल्या, "तुमच्याकडं ऊस लई म्हणं."

"होय बाई," आजी म्हणाली, "तुमच्याच पाण्यावर."

बाईंनी जलाशयाकडे हात केला. "आमच्या आजेसासऱ्यांची भाताची खाचरं तिथं व्हती. पाण्याखाली गेली. आता उन्हाळ्यात आमची हीर आटती, तवा हंडा घेऊन लांब जावं लागतं. समोर एवढं पाणी, पन चढून कोण आणनार?"

आजी गप्प झाली. मुलंही गप्प. इतकी वर्षं तिला वाटायचं, भंडारदरा भरला म्हणजे सगळ्यांचंच भरलं. थोड्या वेळानं तिनं पिशवीतली गुळाची अख्खी ढेप काढली. ती आम्ही वाटेत खायला आणली होती! बाईंच्या हातात देऊन म्हणाली, "आमच्याकडचा आहे. म्हणजे अर्धा तुमचाच." बाई हसल्या, आणि नको नको म्हणत असताना त्यांनी आमच्या पिशवीत नव्या तांदळाची पुरचुंडी टाकली.

परतताना दादानं विचारलं, "आजी, गूळ दिल्यानं त्यांच्या विहिरीला पाणी येणारे का?" आजी म्हणाली, "नाही रे. पण पाणी कुणाच्या अंगणातून येतं ते ठाऊक असलेला माणूस पाट फुकट वाहू देत नाही. आणि तू शिकून मोठा हो, मग त्या चढावर पाणी चढव की!" दादानं ते वहीत लिहून घेतलंय. बघू या.

शेवटच्या दिवशी जीपनं रतनवाडीला जाऊन अमृतेश्वराचं देऊळ पाहिलं. शिलाहार काळातलं हे दगडी कोरीव मंदिर. शेजारी पायऱ्यांची पुष्करणी, तिच्या भिंतींत मूर्तींसाठी छोटी देवळं. तिथून ओढ्याच्या कडेनं सावलीत अर्धा तास चाललो, की आजीही खूश आणि रतनगडाकडे बघत बसलेला दादाही खूश. तो किल्ला पुढच्या खेपेला!

आता कान देऊन ऐका. धरणाचं पाणी शांत दिसतं, पण ते पोहायचं तळं नव्हे. काठाशी गुडघाभर वाटतं आणि पुढच्याच पावलाला तळ तुटतो. गाळात पाय रुतला की पट्टीचा पोहणारासुद्धा अडकतो. तेव्हा पाण्यात उतरायचं नाही, फोटोसाठीही नाही. धरणाच्या खालच्या पात्रात तर मुळीच नाही, कारण वरून पाणी केव्हाही सुटू शकतं. लहानांचा हात मोठ्यांनी धरायचा. आणि कागद, पिशव्या, बाटल्या परत घरी आणायच्या. ते पाणी खाली कुणीतरी पिणार असतं.

भंडारदरा लांब पडत असेल तर काही बिघडत नाही. तुमच्या नळाला येणारं पाणी कुठल्या तळ्यातून, कुठल्या धरणातून येतं ते आधी घरात विचारा. ठाऊक नसेल तर शाळेत विचारा. मग एखाद्या रविवारी डब्यात दशम्या आणि चटणी घेऊन त्याच्या काठावर जा. घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या आणि सर्वांत लहान माणसाला बरोबर न्यायला विसरू नका. तिथं कुणी भेटलं तर दोन शब्द बोला, त्यांचं पाणी कुठून येतं तेही विचारा.

मग, कधी निघताय?