मावशी आणि मशीन

सुरुवातीलाच कबूल करते, मी कॉन्व्हेंटची. एकोणसाठ आणि एकोणसत्तर यात आजही माझा घोळ होतो. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ चुकले तर संपादक मंडळाने सांभाळून घ्यावे. ट्रेनिंगचा रिपोर्ट मी इंग्रजीत लिहिला, बाइंडिंग करून सबमिटही केला. त्यात जे लिहिता आलं नाही, ते इथे लिहिते आहे.

या उन्हाळ्यात सहा आठवडे मी प्लॅस्टिक रिसायकलिंगच्या एका कारखान्यात होते. तिथे भंगारवाल्यांकडून रिकाम्या बाटल्यांच्या दाबलेल्या गाठी येतात. गाठी फोडायच्या, पट्ट्यावर टाकायच्या, दोन्ही बाजूंना उभ्या असलेल्या सोळा बायकांनी त्यातून पेट वेगळं काढायचं. मग ते दळायचं, धुवायचं, वाळवायचं. पहिल्या दिवशी तो वास नाकात बसला तो रात्री जेवतानाही गेला नाही. (आपल्या मेसच्या भाजीला मी तेव्हापासून नावं ठेवत नाही!)

दुसऱ्या आठवड्यात मालकांनी बोलावलं. टेबलावर तीन कोटेशन्स. "मेकॅनिकलची ना तू? यातलं कुठलं सॉर्टर घ्यायचं ते अभ्यास करून सांग."

मी तर हवेतच. हे मशीन आहेच तसं भारी. पट्टा सेकंदाला अडीच-तीन मीटर वेगाने धावतो. वरून प्रकाश पडतो, आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या इन्फ्रारेडमधला कुठला भाग बाटलीने गिळला आणि कुठला परत पाठवला, त्यावरून सेन्सर ओळखतो की ही पेट, ही पीव्हीसी. पट्ट्याच्या टोकाला हवेच्या नोझलची रांग असते. हवी ती बाटली तिथे येताच फुस्स! ती उडून पलीकडच्या कप्प्यात.

तिन्ही ब्रोशरमध्ये शुद्धतेचे आकडे नव्वदीच्या वर. बोर्डाच्या मार्कशीटसारखे. पण आमच्या गिऱ्हाईकाची अट होती, पेटमध्ये पीव्हीसी १०० पीपीएमच्या आत हवं. गणित करून बघा. १०० पीपीएम म्हणजे १० किलोत एक ग्रॅम. ३० ग्रॅमची पीव्हीसीची एक बाटली निसटली की ३०० किलो माल अटीच्या काठावर! पेट वितळायला २५० अंशांच्या वर तापवावं लागतं, तेवढ्या उष्णतेत पीव्हीसी जळतं, हायड्रोक्लोरिक आम्ल सोडतं आणि सगळा माल पिवळा पाडतं. पाण्यात टाकून वेगळं करावं तर दोघांची घनता जवळजवळ सारखी, दोन्ही बुडतात. म्हणून सगळी मदार निवडण्यावर.

आता मावशी. पट्ट्यावर सगळ्यात पुढे त्या उभ्या राहत. बारा वर्षं तेच काम. मी बाटलीवरचा त्रिकोणातला आकडा शोधत बसले होते. हे आकडे १९८८ मध्ये अमेरिकेत सुरू झाले, १ म्हणजे पेट, ३ म्हणजे पीव्हीसी, एवढं मला पाठ होतं. मावशी म्हणाल्या, "आकडा काय बघतीस पोरी, पालथी कर की. बेंबी दिसली का? मग ती पेट. बुडाला रेघ असली तर बाजूला टाक."

खोलीवर येऊन वाचलं तर खरंच! पेटची बाटली आधी साच्यात छोट्या नळीसारखी ओततात आणि मग फुगवतात, म्हणून तळाच्या मधोमध तो टिंब राहतो. पीव्हीसीची बाटली साच्यात चिमटली जाते, म्हणून रेघ. तरी माझ्यातली इंजिनिअर गप्प बसेना. तांब्याची तार तापवली, मावशींनी बाजूला काढलेल्या बाटल्यांना लावली आणि ज्योतीत धरली. क्लोरीन असेल तर ज्योत हिरवी होते. सातपैकी सात हिरव्या.

मग मी मालकांना म्हटलं, ब्रोशर राहू दे, आपला माल तिघांकडे पाठवू. एक कंपनी तयारच झाली नाही. बाकी दोघांसाठी पोती भरायला मी आणि मावशी बसलो. त्यांनी मुद्दाम अवघड माल निवडला. चिखलाने माखलेल्या, पार चपट्या झालेल्या, अंगभर प्लॅस्टिकचं आवरण चढवलेल्या आणि काळ्या.

पोत्याचं तोंड बांधता बांधता मावशींनी विचारलं, "आमच्यातल्या किती जणी लिहिल्यास?"

मी म्हटलं, "अजून काही ठरलं नाही हो."

खोटं होतं ते. कोटेशनबरोबर आलेल्या तक्त्यात 'मजुरीतील बचत' अशी ओळ होती आणि मी त्याच सकाळी तिथे १२ टाकलं होतं. १२ टाकलं की मशीनचे पैसे पावणेतीन वर्षांत वसूल होतात. ६ टाकलं की साडेपाच वर्षं. इतकं सोपं एक्सेल मी आयुष्यात केलं नव्हतं.

मावशींनी गाठ मारली आणि दुसरं पोतं ओढलं.

ट्रायलमध्ये दोन्ही मशीन तिथेच अडकली जिथे मावशींनी अडकवायचं ठरवलं होतं. अंगभर आवरण असलेल्या बाटलीत सेन्सरला आवरण दिसतं, आतली बाटली नाही. काळ्या रंगातला कार्बन प्रकाश गिळून टाकतो, तेव्हा काळी वस्तू मशीनच्या दृष्टीने पट्ट्यावर नसतेच. त्यामुळे हवेने काय उडवायचं हा मोठा प्रश्न. नको तो माल उडवला तर हवा कमी लागते, पण न दिसलेला काळा तुकडा चांगल्या पेटबरोबर पुढे जातो. पेट उडवलं तर काळं आपोआप मागे पडतं, मात्र कॉम्प्रेसर मोठा लागतो, वीजही. आणि कॉम्प्रेसर एका कोटेशनच्या किमतीत धरलेलाच नव्हता!

शेवटी मी जरा महाग मशीन सुचवलं. पेट उडवणारं. ज्यांनी ट्रायलमधल्या चुका आपणहून मोजून पाठवल्या, त्यांचं. मशीनच्या आधी दोघी आणि नंतर सहा जणी हव्यातच, असं ट्रायलचे आकडे देऊन लिहिलं. तक्त्यातलं १२ खोडून ८ केलं. पैसे वसूल व्हायला चार वर्षांच्या थोडं वर. मालकांनी रिपोर्ट दोनदा वाचला, "चांगलं केलंस" म्हणाले आणि पेन्सिलीने ८ चे १० केले.

गेल्या आठवड्यात सुपरवायझरांचा फोन आला. मशीन जानेवारीत येतंय, सहा जणी राहणार आहेत. हॉस्टेलच्या पॅसेजमध्ये उभी राहून मी नोझलबद्दल विचारलं, कॉम्प्रेसरबद्दल विचारलं, फाउंडेशन झालं का तेही विचारलं. त्या सहांत मावशी आहेत का, हे मात्र विचारायचं धाडस झालं नाही.