‘यंग अमेरिकन्स’: डेव्हिड बोवीचे नवे वळण

‘यंग अमेरिकन्स’ हा डेव्हिड बोवीचा मार्च १९७५ मध्ये प्रसिद्ध झालेला अल्बम. ‘झिगी स्टारडस्ट’ या भडक रंगभूषेतल्या पात्राने या ब्रिटिश रॉक गायकाला कीर्ती दिली होती. जुलै १९७३ मध्ये लंडनच्या मंचावरच त्याने त्या पात्राला निरोप दिला. पुढच्या वर्षी अमेरिकेच्या दौऱ्यावर असताना कृष्णवर्णीयांच्या सोल संगीताने त्याला झपाटले. ऑगस्ट १९७४ मध्ये त्याने फिलाडेल्फियाचा सिग्मा साउंड स्टुडिओ गाठला. कार्लोस अलोमारची गिटार, डेव्हिड सॅनबॉर्नचा सॅक्सोफोन आणि तेव्हा अपरिचित असलेल्या ल्यूथर वँड्रॉसचा साथीचा स्वर यांतून अल्बमचा पोत घडला. कर्कश गिटारची जागा लयदार ठेक्याने आणि सामूहिक गायनाने घेतली. नंतर न्यूयॉर्कमध्ये जॉन लेननच्या सहभागाने ‘फेम’ हे गाणे तयार झाले आणि ते अमेरिकेत बोवीचे पहिले अव्वल क्रमांकाचे गीत ठरले. हे यश एकट्या बोवीचे नव्हते. ज्या परंपरेकडून तो शिकला, तिच्याच कलावंतांना त्याने सोबत घेतले. या अल्बमचे खरे मोल त्या सहवासात आहे.